सातबाऱ्यावर नसलेला बोजा

हरभरा आणि तूर या आपल्या दोन प्रमुख कडधान्यांना ग्रासणाऱ्या मर रोगाविषयी जे काही बोलले आणि लिहिले जाते, त्याच्या मुळाशी एक गृहीत इतके घट्ट बसले आहे की त्याची छाननी करावी असे सहसा कोणाला सुचतही नाही. हा रोग हंगामाचा आहे, तो पिकाबरोबर येतो आणि पिकाबरोबर जातो, असे ते गृहीत. उभी झाडे माना टाकून वाळू लागली म्हणजे ‘यंदा मर आली’ असे शेतकरी म्हणतो. कृषी खात्याचा माणूस प्रादुर्भाव झाल्याचे कागदावर लिहितो. महसूल खाते त्या हंगामाची पैसेवारी ठरविताना अवर्षण, गारपीट आणि कीड यांच्या रांगेत याही नुकसानीला जागा देते. आणि एकदा रास झाली, शेत मोकळे झाले, चैत्र-वैशाखाचे ऊन त्या मोकळ्या जमिनीवर तळपू लागले की प्रकरण दप्तरदाखल होते. पुढील वर्षी त्याच जागी, त्याच पिकात, तीच मर पुन्हा दिसली तरी तिला नवे संकट समजून नव्याने हळहळ व्यक्त केली जाते. हे गृहीत खोटे आहे असे माझे स्पष्ट मत आहे; त्यापायी कोरडवाहू शेतकऱ्याची जी हानी होत आली तिचा बराचसा भाग टाळता येण्याजोगा होता असे वाटते, म्हणूनच हा प्रतिवाद.

प्रथम प्रतिपक्षाची बाजू न्यायबुद्धीने मांडणे अवश्य आहे, कारण ती मांडणारे अडाणी नव्हेत. त्यांत काळ्या जमिनीत हयात घालविलेले जाणते शेतकरी आहेत आणि कृषी महाविद्यालयांतून पदव्या घेतलेले सल्लागारही आहेत. ते म्हणतात, उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन तापू दिली म्हणजे बुरशी जळून जाते. जी काही उरते ती पिकाची फेरपालट केल्यावर अन्नावाचून मरते. त्यातूनही निभावलेली बुरशी बीजप्रक्रियेने आणि औषधाने आवरता येते. आणि आता तर मर-प्रतिकारक वाण निघाल्यामुळे हा सगळा विषयच जुना झाला आहे. या चारही म्हणण्यांत सत्याचा अंश आहे आणि तो मी नाकारणार नाही. परंतु चारही म्हणणी ज्या एका समजुतीवर उभी आहेत, ती समजूत अशी की पीक निघून गेल्यावर रोगाचे बस्तान उठते आणि मागे राहते ते केवळ थोडेसे अवशिष्ट, दुर्बल, आपोआप नष्ट होणारे असे काहीतरी; आणि नेमकी हीच समजूत बुरशीच्या जीवनक्रमाशी विसंगत आहे.

हरभऱ्याची मर ज्या बुरशीमुळे होते ती फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम या जातीचा, हरभऱ्यापुरता विशेष झालेला एक प्रकार होय. तुरीची मर तिच्याच गोत्रातील फ्युझेरियम उडम या बुरशीमुळे होते, आणि या दुसरीचे शास्त्रीय वर्णन बिहारातील पुसा येथे इंपीरियल मायकॉलॉजिस्ट या पदावर असलेल्या एडविन जॉन बटलर यांनी 1910 साली केले. म्हणजे या विषयाची आपल्या देशातील विद्या शंभर वर्षांहून जुनी आहे. बुरशी मुळाच्या कोवळ्या टोकाजवळून आत शिरते, पाणी वर नेणाऱ्या नलिकांत पोहोचते, तेथे वाढते; तिच्या तंतूंनी आणि तिला अडविण्यासाठी झाडाने स्वतःच निर्माण केलेल्या डिंकासारख्या पदार्थांनी त्या नलिका तुंबतात, आणि जमिनीत ओल असतानाही झाड तहानेने वाळते. खोड उभे चिरले तर आत काळपट-तपकिरी रेघा दिसतात. इथपर्यंतची हकीकत प्रत्येक माहितीपत्रकात असते. माहितीपत्रके जेथे थांबतात तेथेच खरी महत्त्वाची गोष्ट सुरू होते.

झाड जिवंत असेपर्यंत बुरशी बहुतांशी त्या नलिकांपुरती मर्यादित असते. झाड मेले म्हणजे तिला अडविणारे कोणी उरत नाही. ती नलिकांबाहेर पडून मुळाच्या आणि खोडाच्या सर्व भागांत पसरते, मृत पेशींवर पोसते, आणि हे अन्न संपत आले म्हणजे आपल्या तंतूंतील आणि बीजाणूंतील काही पेशींभोवती जाड आवरण निर्माण करून, त्यांत अन्नाचा साठा ठेवून, विश्रांतीच्या अवस्थेत जाते. या जाड आवरणाच्या पेशींना शास्त्रज्ञ क्लॅमिडोस्पोअर म्हणतात. आपण त्यांना विरामी बीजाणू म्हणू. धसकट कुजते आणि हे बीजाणू मातीत मोकळे होतात. ज्या काळात शेतकऱ्याला शेत मोकळे झालेले दिसते, त्याच काळात बुरशीचा पुढील अनेक वर्षांचा साठा जमिनीत जमा होत असतो, आणि मेलेल्या प्रत्येक झाडागणिक त्यात भर पडत असते. या प्रक्रियेत रोग जाण्याचा क्षण कोणता, असे मला कोणी विचारले तर असा क्षण दाखविता येणार नाही.

आता कोणी म्हणेल की जमिनीत पडलेले बी जसे पाऊस पडताच रुजते, तसे हे बीजाणूही पहिल्या पावसात रुजतील आणि यजमान पीक न सापडल्याने मरतील. हा तर्क सरळ दिसतो, पण तो खरा नाही. 1953 साली डॉब्ज आणि हिन्सन या दोन संशोधकांनी असे दाखवून दिले की बहुतेक सर्व मातींमध्ये बुरशीच्या बीजाणूंचे रुजणे दडपून ठेवण्याचा एक व्यापक गुण असतो. ओल आहे, ऊब आहे, तरी बीजाणू रुजत नाही, कारण मातीतील असंख्य सूक्ष्मजीव उपलब्ध अन्न सतत फस्त करीत असतात. हा दाब मोडतो तो मुळाच्या टोकातून पाझरणाऱ्या शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यामुळे. यातून निष्पन्न काय होते? रिकाम्या जमिनीत बीजाणूची शक्ती वाया जात नाही. मूळ जवळ आल्यावाचून तो जागाच होत नाही. कांद्याच्या पांढऱ्या कुजीची बुरशी तर यात इतकी नेमस्त आहे की तिचे काळे दाणे कांदा-लसणाच्या कुळातील मुळांच्या गंधद्रव्यांची चाहूल लागेपर्यंत मातीत स्वस्थ पडून राहतात, आणि 20 वर्षांनंतरही त्यांतील काही सजीव आढळलेले आहेत. हैदराबादनजीक पाटणचेरू येथे 1972 साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत हवारे, यशवंत लक्ष्मण नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरभऱ्याच्या मरीविषयी हाच प्रश्न सरळ मातीला विचारला: हरभरा मुळीच पेरला नाही तर ही बुरशी किती काळ टिकते? उत्तर मिळाले ते सहा वर्षांचे. सहा वर्षे म्हणजे सहा वैशाख, सहा नांगरटी आणि सहा पावसाळे.

येथेच उन्हाने होणाऱ्या शुद्धीकरणाचा प्रश्न निकालात निघतो असे मी म्हणू शकलो असतो. परंतु या समजुतीला आपल्या मनात इतके मानाचे स्थान आहे की तिचा थोडा अधिक परामर्श घेणे योग्य होईल. उन्हाळी नांगरटीचे गुण मी जाणतो आणि मानतो. कुंदा आणि हरळी यांच्या मुळ्या उघड्या पडून वाळतात, किडींचे कोष वर येऊन पक्ष्यांच्या चोचीत सापडतात, ढेकळे तापून पहिल्या पावसात विरतात आणि पाणी मुरते. पण या सर्वांवरून बुरशी मेली असे अनुमान काढता येत नाही. उष्णतेने बीजाणू मरतो तो मुख्यतः ओल्या उष्णतेने. कोरड्या मातीतील बीजाणू स्वतःही कोरडा, निश्चल असतो, आणि ओल्या मातीत त्याला मारील तेवढ्या तापमानाला तो कोरड्या मातीत पुष्कळ काळ दाद देत नाही. इस्राएलमधील काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 साली सूर्याच्या उष्णतेने जमीन निर्जंतुक करण्याची जी रीत प्रसिद्ध केली, तिच्यात जमीन आधी पाण्याने भिजवून मग पारदर्शक प्लॅस्टिकने काही आठवडे झाकून ठेवावी लागते. त्या रीतीचे मर्म पाण्यात आणि झाकणात आहे. आपले वैशाखातील शेत याच्या नेमक्या विरुद्ध अवस्थेत असते: उघडे, कोरडे ठक्क आणि भेगाळलेले. शिवाय जी उष्णता वरच्या बोटभर मातीत पाय पोळविते, ती वीतभर खाली गेल्यावर किती मंद होते हे भेगेत हात घालून पाहणाऱ्या कोणालाही समजते. आणि तुरीचे मूळ तर त्याहून कितीतरी खोल गेलेले असते. भाजीपाल्याच्या रोपवाटिकेच्या वाफ्यांना प्लॅस्टिकची रीत अवश्य लावावी. कोरडवाहू तुरीच्या दहा एकरांना ती परवडणारी नाही, आणि तिच्या नावाने कोरड्या नांगरटीचे श्रेय वाढविणे तर सर्वस्वी अयोग्य आहे.

नांगरटीबद्दल बोलताना एका नव्या प्रथेचा उल्लेख टाळता येत नाही. पूर्वी तुराट्या जळणाला, कुडाला, छपराला लागत. त्या काढताना धसकटेही वेचली जात, आणि जी बुरशी त्या धसकटांत असे ती शेताबाहेर जाऊन चुलीत जळे. हे काम रोगासाठी कोणी करीत नसे, तरी रोगावर त्याचा परिणाम होत असे. तुरीच्या मरीची बुरशी मुख्यतः रोगट अवशेषांतूनच तगते, आणि असे अवशेष शेतात राहिले तर सुमारे तीन वर्षे ती त्यांत जिवंत राहते. आता चुलीला गॅस आला, मजूर मिळेनासा झाला, आणि धसकटे वेचण्याऐवजी रोटाव्हेटर फिरवून ती आहेत त्या जागी बारीक करून मातीत मिसळण्याची रीत सर्रास पडली. निरोगी पिकाच्या बाबतीत ही रीत सेंद्रिय द्रव्य वाढविणारी आणि म्हणून स्तुत्य आहे. मरग्रस्त पट्ट्यात मात्र तीच रीत रोगाचा साठा शेतभर सारखा पसरविते. दोन्ही शेतांना एकच सल्ला देणारी व्यासपीठे हा भेद का सांगत नाहीत, हे मला समजलेले नाही.

आता फेरपालटीकडे वळू. प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट ठाणे हे आहे, आणि येथे त्याला पुष्कळ काही मान्य करावे लागेल. तुरीच्या बाबतीत ज्वारीची फेरपालट किंवा ज्वारीचे आंतरपीक यांनी मर लक्षणीय प्रमाणात घटते, हे इक्रिसॅटच्या प्रयोगांतून सिद्ध झाले आहे. म्हणजे ज्वारीच्या ओळींत तुरीचा पाटा धरणाऱ्या आपल्या पूर्वजांनी, बुरशीचे नावही ठाऊक नसताना, अनुभवाने एक उत्तम मार्ग शोधून काढला होता. त्यांचे हे ऋण मी आदराने मान्य करतो. पण आजचा शेतकरी ज्याला फेरपालट म्हणतो ती ही नव्हे. गेल्या तीन-चार दशकांत लातूरपासून अकोला-अमरावतीपर्यंत खरिपात सोयाबीन आणि त्यावर रब्बीत हरभरा हा क्रम इतका रूढ झाला आहे की एकाच गटात वर्षामागून वर्ष तेच दोन पाय आलटून पालटून पडतात. ‘खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा, म्हणजे पीक बदललेच’ असे त्याचे समर्थन केले जाते. हरभऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर काय बदलले? दर कार्तिकात त्याच मातीत तेच मूळ पुन्हा उतरते आणि सहा वर्षे वाट पाहू शकणाऱ्या बुरशीला सहा महिनेदेखील वाट पाहावी लागत नाही.

शिवाय फेरपालटीत घेतलेले प्रत्येक निराळे पीक बुरशीला उपाशी ठेवतेच असे नाही. मसूर, वाटाणा आणि तूर या पिकांच्या मुळांत हरभऱ्याच्या मरीची बुरशी शिरून राहते आणि त्या झाडांवर रोगाचे कसलेही चिन्ह उमटू देत नाही, हे हवारे आणि नेने यांनी 1982 सालीच दाखवून दिले. तुरीनंतर हरभरा घेऊन आपण फेरपालट केली अशी समजूत करून घेणारा शेतकरी वस्तुतः आपल्या रोगाला एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामापर्यंत सुखरूप पोहोचवीत असतो. आणि हे झाले फक्त मरीचे. सोयाबीनच्या आणि हरभऱ्याच्या बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतात ती मानकूज स्क्लेरोशियम रॉल्फसाय या बुरशीची. तिला भुईमूगही चालतो, टोमॅटोही चालतो, आणि अशी इतर शेकडो झाडे चालतात. सोलापूर-मंगळवेढ्याच्या रब्बी ज्वारीला दाणे भरण्याच्या वेळी ओल तुटली की जो खडखड्या होतो, खोड आतून पोकळ होऊन त्यात कोळशाच्या भुकटीसारखे काळे कण दिसतात, त्याची बुरशी मॅक्रोफोमिना. आणि ऊन वाढून जमिनीतील ओल हटली म्हणजे हरभऱ्याला जी कोरडी मूळकूज होते तीही हिचीच. म्हणजे मरीसाठी हरभऱ्यानंतर ज्वारी घेणे योग्य, आणि जेथे मॅक्रोफोमिनाचे कण जमिनीत भरलेले आहेत तेथे तीच ज्वारी रोगाला आणखी एक वर्ष पोसणारी. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ‘फेरपालट करा’ हा उपदेश, अमुक जमिनीत अमुक रोग वसती करून आहे हे जाणल्याशिवाय, अपुरा आहे आणि प्रसंगी अपायकारकही आहे.

औषधांविषयी फार लिहावे असे नाही. बीजप्रक्रियेने बियाण्याबरोबर येणारी बुरशी मरते, आणि हरभऱ्याची मर बियाण्यातूनही नव्या शेतात जाते हे सिद्ध असल्यामुळे बीजप्रक्रिया अवश्य केली पाहिजे. ट्रायकोडर्मा ही रोगकारक बुरशींवर जगणारी बुरशी रोपाला पहिले काही आठवडे संरक्षण देते, तेही मोलाचे आहे. परंतु एका हेक्टरातील वरच्या 15 सेंटिमीटर मातीचे वजनच सुमारे 20 लाख किलो भरते; इतक्या मातीत कणाकणाने विखुरलेल्या बीजाणूंना पंपातून ओतलेले औषध गाठील, अशी अपेक्षा ज्यांनी शेतकऱ्याच्या मनात निर्माण केली त्यांनी त्याचा पैसा व्यर्थ घालविला आहे. झाड सुकू लागल्यावर बुंध्याशी आळवणी करणे हा तर रोग नलिकांत पोहोचल्यानंतरचा खर्च होय.

राहिले प्रतिकारक वाण. येथे मी प्रतिपक्षाहून अधिक कृतज्ञ आहे. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर कापसाचे मळे मरीने ओस पडू लागले तेव्हा, 1899 च्या सुमारास, ऑर्टन या तरुण संशोधकाने मेलेल्या शेतात उभी राहिलेली तुरळक झाडे निवडून त्यांचे बी धरले आणि एक संबंध धंदा वाचविला. तेव्हापासून जगभर हाच राजमार्ग ठरला. आपल्याकडे खानदेशातील जरीला कापूस या मार्गाने आला, आणि पुढे तुरीत बदनापूरचे बीएसएमआर 736 व बीएसएमआर 853, इक्रिसॅटची आशा, हरभऱ्यात राहुरीचे विजय आणि दिग्विजय, अकोल्याचा जाकी 9218 हे सगळे वाण याच परंपरेतले. हे वाण ज्यांनी निर्माण केले त्यांनी रोगट जमीन मुद्दाम राखून, तीत वर्षानुवर्षे मर पोसून, तिच्या अग्निपरीक्षेतून हे बी बाहेर काढले. जमिनीत रोग टिकतो या सत्यावरच त्यांच्या प्रयोगाची सारी उभारणी आहे! मग त्यांच्या बियाण्याचा लाभ घेणाऱ्यांनी तेच सत्य विसरावे हे कसे? प्रतिकारक वाण पेरल्याने जमिनीतील बुरशी नाहीशी होत नाही. वाण तिला दाद देत नाही, इतकेच. हरभऱ्याच्या मरीच्या बुरशीचे भारतात निरनिराळे वंश आहेत, त्यांतील चार 1982 सालीच ओळखले गेले, आणि एका वंशाला न जुमानणारा वाण दुसऱ्याला बळी पडू शकतो. मरीला प्रतिकार करणारा वाण कोरड्या मूळकुजीला प्रतिकार करीलच असेही नाही. म्हणजे वाणाची निवडही शेवटी त्या विशिष्ट जमिनीच्या इतिहासावर अवलंबून आहे, आणि तो इतिहास कोठेही लिहिलेला नाही.

हा इतिहास न लिहिण्याची किंमत काय असते याचे मोठे उदाहरण केळीचे आहे. मध्य अमेरिकेत ग्रो मिशेल या एकाच वाणाची केळी हजारो एकरांवर लावणाऱ्या कंपन्यांना विसाव्या शतकाच्या आरंभापासून पनामा रोगाने गाठले. हाही फ्युझेरियम ऑक्सिस्पोरमचाच प्रकार. बाधित मळे सोडून देऊन जंगल तोडून नवे मळे करायचे, हा त्यांचा अनेक दशकांचा परिपाठ होता. जमीन संपत आली तेव्हा होंडुरासमध्ये बांध घालून संबंध मळे कित्येक महिने पाण्याखाली बुडवून पाहिले. बुरशी कमी झाली, केळी पुन्हा लावली, आणि काही वर्षांतच रोग परत आला. अखेर 1960 च्या दशकात ग्रो मिशेल टाकून कॅव्हेंडिश गटातील केळी आणावी लागली. आज त्याच कॅव्हेंडिशला मारणारा पनामा रोगाचा उष्णकटिबंधीय वंश आशियातून निघून 2019 साली कोलंबियापर्यंत पोहोचला आहे, आणि आपल्या देशात बिहारात तो नोंदला गेला आहे. रावेर आणि यावल येथील केळीचे संबंध अर्थकारण कॅव्हेंडिश गटातील ग्रँड नैन आणि बसराई यांवर उभे आहे. ही बुरशी दशकानुदशके जमिनीत राहते. जळगाव जिल्ह्यात ती एकदा शिरली तर ज्या गटात शिरली तो गट कोणता, त्याची माती कोणाच्या ट्रॅक्टरच्या चाकाला लागून कोठे गेली, तेथील मुनवे कोणी नेले, याचा कागद असेल की नसेल, यावर तेथील पुढच्या पिढीचे भवितव्य ठरेल.

माझ्या प्रतिपादनाचे सार याच प्रश्नात आहे. जो रोग सहा वर्षे, वीस वर्षे जमिनीत राहतो, तो त्या जमिनीवरील बोजा समजला पाहिजे. सोसायटीचे कर्ज, बँकेचे गहाण, वारसाचा हक्क हे सारे आपण गाव नमुना सातच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात लिहितो, कारण जमीन हस्तांतरित झाली तरी ते जमिनीबरोबर जातात; मरही जमिनीबरोबर जाते, आणि तिच्याविषयी मात्र आपण एक अक्षर लिहीत नाही. गाव नमुना बारा दरवर्षी पिकाचे नाव टिपतो. पीक मेले का आणि कशाने मेले हे तो विचारीत नाही. पैसेवारी संबंध गावाची आणि एका हंगामाची काढली जाते, तीत एका गटाच्या वायव्य कोपऱ्यात दरसाल मरणारे अर्धा एकर कधीच दिसणार नाही. पीकविम्याची मुदतही हंगामापुरतीच. ज्या आपत्तीचा काळ अनेक वर्षांचा आणि जागा काही गुंठ्यांची, तिला मोजण्याची आपली सारी मापे एका हंगामाची आणि अख्ख्या गावाची किंवा महसूल मंडळाची आहेत; मग ती मापांत सापडत नाही यात नवल ते काय!

याची सर्वांत मोठी झळ लागते ती दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला. कसणाऱ्याला जमीन मिळवून देणारे कूळकायदे न्याय्य होते असेच मी मानतो; तथापि कायद्यान्वये कुळाचा हक्क निर्माण होईल या धास्तीने जमीनमालक आज लेखी आणि दीर्घ मुदतीचा करार टाळतात, आणि बटाईने, मक्त्याने किंवा ठोक्याने दिलेली जमीन तोंडी कराराने, बहुधा एका वर्षासाठी दिली जाते. एका वर्षाच्या मक्तेदाराने धसकटे वेचून जाळावीत, चार वर्षे हरभरा वर्ज्य करावा, महाग बी आणावे, ते कोणासाठी? त्याला ती जमीन पुढल्या साली मिळेल याची शाश्वती नाही. आणि जो नवा मक्तेदार येईल त्याला त्या शेताची पूर्वपीठिका सांगण्यात मालकाचा तोटा आहे. गावात मोलमजुरी करून चार पैसे साठविलेला, प्रथमच मक्त्याने जमीन घेणारा माणूस, पहिल्याच रब्बीत अर्धा हरभरा गमावतो आणि ‘नशिबाने मर आली’ म्हणून गप्प बसतो. ती नशिबाने आलेली नव्हती. ती आधीपासून तेथे होती, आणि ते मालकाला ठाऊक होते.

म्हणून जमिनीतील रोगाची नोंद गटवार व्हावी, अशी माझी सूचना आहे. तिच्यावर जो आक्षेप निघेल तो मी जाणतो: अशी नोंद झाली तर जमिनीची किंमत उतरेल, बँक तारणाला नकार देईल, म्हणून शेतकरी रोग लपवील. आक्षेप वजनदार आहे. पण किंमत आजही उतरलेलीच आहे. फक्त तिचा भार जाणणाऱ्याने न सोसता न जाणणाऱ्याने सोसावा अशी आजची व्यवस्था आहे. शिवाय अशी नोंद जगात अपूर्व नाही. बटाट्याच्या चामखीळ रोगाचे विरामी बीजाणू तीस-चाळीस वर्षे जमिनीत टिकतात, म्हणून इंग्लंडने पहिल्या महायुद्धानंतर कायदा करून अशा बाधित जमिनींत केवळ रोगप्रतिकारक ठरलेले वाणच लावण्याची सक्ती केली. आणि हाच रोग दार्जिलिंगच्या डोंगरांत 1950 च्या दशकात आढळला तेव्हा आपल्या सरकारनेही पश्चिम बंगालचा बटाटा बाहेर नेण्यावर निर्बंध घातले. बटाट्यासाठी जे करता आले ते हरभऱ्यासाठी आणि केळीसाठी अशक्य का मानावे? लपविण्याची वृत्ती मोडायची तर नोंदीला दंड न जोडता लाभ जोडला पाहिजे: ज्याच्या गटावर मरीची नोंद आहे त्याला त्या रोगाला प्रतिकारक असे प्रमाणित बियाणे सवलतीत आणि सर्वांआधी मिळावे, धसकटे काढण्याची मजुरी रोजगार हमीतून मिळावी, आणि पहिली काही वर्षे ही नोंद अधिकार अभिलेखात न घालता वेगळ्या पत्रकात ठेवावी, जे पाहण्याचा हक्क जमीन विकत किंवा मक्त्याने घेऊ पाहणाऱ्याला असावा.

तलाठ्याला रोग कसा ओळखता येणार, असेही विचारले जाईल. 2021 सालापासून शेतकरी स्वतःच मोबाइलवर ई-पीक पाहणीची नोंद छायाचित्रासह करू लागला आहे. त्याच नोंदीत एक रकाना वाढविता येईल, आणि पहिल्या नोंदीपुरते निदान शेतकऱ्याच्या हातचे आहे. खोड चिरल्यावर आत काळपट रेघा आणि मूळ बाहेरून धड असेल तर मर. बुंध्याशी मोहरीसारखे दाणे असतील तर मानकूज. फुलोऱ्यानंतरच्या उन्हात झाड उपटताच सोटमूळ काडीसारखे मोडले आणि बारीक मुळ्या झडलेल्या असतील तर कोरडी मूळकूज. शंका राहिली तर कृषी विज्ञान केंद्राकडे चार झाडे पाठवावीत. नोंदीत गट क्रमांक, शेताची दिशा आणि अंदाजे गुंठे, साल, पीक, वाण आणि रोग एवढेच असावे. आणि बोजा जसा कर्ज फिटल्यावर कमी होतो, तशी ही नोंदही कमी होण्याची तरतूद हवी: नोंद झाल्यापासून ठराविक वर्षे ते पीक त्या जागी घेतलेले नसावे, आणि मुदत भरल्यावर त्याच कोपऱ्यात मरीला हमखास बळी पडणाऱ्या जुन्या वाणाच्या चार ओळी पेरून, त्या घाटे धरेपर्यंत उभ्या राहिल्या असे पंचांसमक्ष पाहून मगच ती काढावी.